ऐकणाऱ्याची दोन देणी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)





आपल्या या व्याख्यानमालेत आतापर्यंत मधुमेह झाला, गुडघेदुखी झाली, मृत्युपत्र झालं. सेक्रेटरी मॅडम मला म्हणाल्या, "काका, तुम्ही बँकेतले. तुम्ही मुदत ठेवींवर बोला." मी म्हटलं, मॅडम, ठेवींवरचं व्याज आता चारचौघांत बोलण्यासारखं राहिलेलं नाही. त्यापेक्षा मी गाण्यावर बोलतो. त्या जरा चपापल्या. कारण मी गात नाही, हे शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत असल्यामुळे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी संगीतातला जाणकार म्हणून इथे उभा नाही. मी उभा आहे तो ऐकणारा म्हणून, आणि ३६ वर्षं बँकेत काढल्यामुळे हिशोब बघायची सवय लागलेला माणूस म्हणून. गाणाऱ्याला गाण्यासाठी काय काय लागतं याबद्दल पुष्कळ लोक बोलतात. ऐकणाऱ्याच्या नावावर काय देणं निघतं, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. माझ्या मते त्याची दोन देणी असतात. एक शांतता, दुसरं पैसे. ही दोन्ही देणी वेळेवर चुकती करणारी छोटी खोली जिथे असते, तिथे गाणं जगतं. आजच्या भाषणात मला एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळा त्याचा तपशील.

२०१९ च्या मे-जूनमध्ये आम्ही दोघं बॉस्टनजवळ धाकट्या मुलीकडे राहायला होतो. तिकडे एका घरात एक कार्यक्रम ऐकला. गावोगाव फिरणारे, स्वतः लिहिलेली गाणी स्वतः गाणारे दोन कलावंत आणि समोर आम्ही ३८ माणसं. त्या संध्याकाळबद्दल सांगणार आहे, पण त्याआधी हे संगीत कोणतं, ते थोडक्यात सांगतो.

तिकडे याला 'रूट्स म्युझिक' म्हणतात. रूट्स म्हणजे मुळं. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडहून जे गोरगरीब लोक अमेरिकेत गेले त्यांनी आपली जुनी कथागीतं नेली आणि फिडल नेलं. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. आफ्रिकेतून ज्यांना गुलाम म्हणून जबरदस्तीनं नेलं, त्यांनी आपले ताल नेले आणि बँजोचं मूळ वाद्यही नेलं. (आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो वेगळा. त्याला बटणं असतात, आणि तो वाजतो तेव्हा खिडक्यांच्या काचाही वाजतात.) स्पेनकडून गिटार आली, इटलीकडून मेंडोलिन. डोंगरातल्या खाणींवर, कापसाच्या शेतांत, रेल्वेच्या रुळांवर आणि चर्चमध्ये हे सगळं एकमेकांत मिसळलं. ब्लूज, कंट्री, गॉस्पेल, ब्लूग्रास ही नावं तुम्ही नातवंडांकडून ऐकली असतील. ती सगळी याच मुळांची. यातल्या वाद्यांना वीज लागत नाही, म्हणून त्याला 'अकूस्टिक' म्हणायचं.

आणि गाणारा? तोच कवी, तोच संगीतकार, तोच गायक आणि बहुतेक वेळा स्वतःच्या गाडीचा ड्रायव्हरही तोच. त्याला तिकडे 'सिंगर-साँगरायटर' म्हणतात. आपल्या शास्त्रीय परंपरेत शब्द आणि सूर दोन्ही रचणाऱ्याला वाग्गेयकार असा भारदस्त शब्द आहे. लोकपरंपरेत त्याचं नाव शाहीर. मला दुसरा शब्द जास्त जवळचा वाटतो.

या मंडळींचा मूळपुरुष म्हणून वुडी गथ्री यांचं नाव घेतात. १९१२ साली ओक्लाहोमा राज्यातल्या ओकीमा गावी जन्म. १९३० च्या दशकात त्या भागात भयंकर दुष्काळ पडला, धुळीची वादळं आली, शेतं उडून गेली. हजारो कुटुंबं चंबूगबाळं आवरून कॅलिफोर्नियाकडे निघाली. गथ्रीही त्या लोंढ्यात होते. त्यांनी त्या लोकांची गाणी लिहिली, त्यांच्याच छावण्यांत, त्यांच्याच संपांत गायली. आपल्याकडे शाहीर लोकांच्या ओठावरची चाल घेतो आणि तिच्यात आजचे शब्द भरतो. गथ्रींनीही तेच केलं. अखेरची बरीच वर्षं ते दुर्धर आजारानं रुग्णालयात होते, १९६७ साली गेले. त्यांना भेटायला म्हणून १९६१ च्या जानेवारीत विशीही न गाठलेला एक पोरगा थंडीवाऱ्यात न्यूयॉर्कला येऊन धडकला. त्याचं नाव बॉब डिलन. २०१६ साली त्यालाच साहित्याचं नोबेल मिळालं.

आता कोणी म्हणेल, काका, या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? दर १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की आपली मुलं पार्किंगमध्ये रांगेत उभी राहून 'होंगे कामयाब' म्हणतात. त्याचे हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुर यांचे. पण मूळ गाणं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं. १९४५-४६ साली दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात तंबाखूच्या कारखान्यात संप झाला, तेव्हा कामगार बायका ते संपाच्या ओळीत उभ्या राहून म्हणत. तिथून ते टेनेसी राज्यातल्या हायलँडर नावाच्या शाळेत गेलं. तिथल्या झिल्फिया हॉर्टन या संगीतशिक्षिकेनं ते उचललं, पीट सीगर या फिरत्या गायकाला शिकवलं, आणि पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत ते देशभर झालं. सुरुवातीला ना रेडिओनं ते पसरवलं, ना एखाद्या कंपनीनं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात असं ते आपल्या पार्किंगपर्यंत येऊन पोचलं.

म्हणून मला त्या खोल्यांबद्दल सांगायचं आहे.

बॉस्टनला लागूनच केंब्रिज आहे, जिथे हार्वर्ड विद्यापीठ आहे ते. तिथे १९५८ साली 'क्लब ४७' नावाची एक छोटी जागा निघाली. जोन बाएझ नावाची मुलगी तिथे गायला लागली तेव्हा विशीचीही नव्हती. पुढे तिचं नाव जगभर झालं. ती परंपरा आज 'क्लब पासिम' या नावानं तळघरातल्या एका जागेत चालू आहे. मुलीनं मला ती जागा दाखवली. आपल्या या हॉलपेक्षा फार मोठी नाही.

दुसरी जागा न्यूयॉर्क राज्यातल्या सॅराटोगा स्प्रिंग्ज गावातली, 'कॅफे लीना'. १९६० साली लीना स्पेन्सर आणि त्यांचे पती बिल यांनी ती जिन्यानं चढून जायच्या एका वरच्या मजल्यावर काढली. लीनाबाई १९८९ साली वारल्या, तोवर त्यांनी ती चालवली. पैशांची चणचण कायमची, पण आलेल्या गायकाला खाऊपिऊ घालायचं ठरलेलं. आजही ती चालू आहे. १९६१ साली डिलन तिथे गायला आला. तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं. तो गात होता आणि लोक आपापसात गप्पा मारत होते. तेव्हा बिल स्पेन्सर उठून व्यासपीठावर गेले आणि त्यांनी श्रोत्यांनाच झापलं, अशी हकीकत तिथे आजही सांगतात. मला ती फार आवडते. ज्याला पुढे नोबेल मिळालं, त्यालाही एके काळी "अहो, जरा गप्प बसा" असं श्रोत्यांना सांगणारं कोणीतरी लागलंच. हे ऐकणाऱ्याचं पहिलं देणं.

आता त्या संध्याकाळविषयी.

मुलीच्या गल्लीत चार घरं सोडून एक निवृत्त शिक्षक जोडपं राहतं. वर्षातून पाच-सहा वेळा ते आपल्या दिवाणखान्यात असा कार्यक्रम ठेवतात. याला 'हाऊस कॉन्सर्ट' म्हणतात. सोफा उचलून गॅरेजमध्ये, आणि घडीच्या खुर्च्या चर्चकडून मागून आणलेल्या. येणाऱ्या प्रत्येकानं खाण्याचं काहीतरी घेऊन यायचं. आमच्या सौ.नी शंकरपाळे केले होते. ते टेबलावर ठेवताना ती मला हळूच म्हणाली, "यांना आवडतील का हो?" मध्यंतरात डबा रिकामा झाला होता आणि दोन बायका तिच्याकडून कृती लिहून घेत होत्या.

बरोबर साडेसातला घरमालकीण पुढे आल्या. भाषण दोन मिनिटांचं. फोन बंद करा, बाथरूम वरच्या मजल्यावर आहे, दाराजवळ लाकडी पेटी आहे, त्यात काय टाकायचं ते आम्ही कार्डावर छापलंच आहे. बस. दीपप्रज्वलन नाही, सत्कार नाही, प्रास्ताविक नाही, आभाराचं भाषण तर नाहीच. (आमच्या सांस्कृतिक समितीनं इथे कान बंद करावेत.)

गाणारी बाई पंचेचाळिशीची असेल. हातात गिटार, पायात मळके बूट. सोबत एक तरुण मुलगा, कधी फिडल वाजवायचा, कधी मेंडोलिन. माईक नाही, स्पीकर नाही. पहिल्या गाण्याला मी सवयीनं कान पुढे केले, कारण आवाज लहान वाटला. दोन मिनिटांत कान त्या आवाजाला बसले, आणि मग तारेवर बोट सरकल्याचा आवाजही ऐकू येऊ लागला. गाण्याआधी बाई श्वास घेते, तोही. मोठ्या आवाजात आपण गाणं सहन करतो. लहान आवाजात ते आपल्याला जाऊन शोधावं लागतं, आणि शोधायला लागलं की माणूस आपोआप गप्प होतो.

बाई केंटकी राज्यातल्या कोळशाच्या खाणींच्या भागातली. तिचं एक गाणं वडिलांच्या जेवणाच्या डब्यावर होतं. वडील खाणीत होते. खाण बंद झाली, छातीत कोळशाची धूळ राहिली. ज्या पत्र्याच्या डब्यातून ते तीस वर्षं जेवण नेत, त्यात आता त्यांच्या गोळ्या-औषधं ठेवलेली असतात. गाणं एवढंच. चाल साधी, तीन-चार सुरांत फिरणारी.

इथे बसलेल्या पुष्कळ जणांना ठाऊक आहे की माझं लहानपण परळच्या चाळीतलं. माझे थोरले बंधू गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी जण परत आत गेलेच नाहीत. दादा त्यांतलेच. त्यांचा पितळी डबा वहिनींनी पुढे कित्येक वर्षं शिवणाच्या सामानासाठी वापरला. दोरे, बटणं, सुया. सातासमुद्रापलीकडच्या त्या दिवाणखान्यात, अर्धवट कळणाऱ्या उच्चारांच्या त्या इंग्रजी गाण्यात मला तो डबा दिसला. सौ.कडे पाहिलं, तर तिचा पदर डोळ्याला. तिनं सगळे शब्द पकडले नव्हते, पण 'डबा' तिला समजला होता.

गाणं संपल्यावर चार-पाच सेकंद कोणी टाळी वाजवली नाही. नंतर वाजवली. आजवर मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या आहेत, पण त्या चार-पाच सेकंदांची किंमत मला जास्त वाटते.

मध्यंतरात मी त्या बाईंना जाऊन भेटलो. गिरण्यांचं, संपाचं, दादांच्या डब्याचं सांगितलं. तिनं हातातली बशी खाली ठेवून ऐकलं. मग विचारलं, तुमच्याकडे यावर गाणी आहेत? मी म्हटलं, आहेत ना! अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तीन शाहिरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं, कामगारांसाठी गायले, संयुक्त महाराष्ट्रासाठी गायले. वडिलांच्या खांद्यावर बसून मी नरे पार्कच्या मैदानात शाहिरी ऐकलेली आहे. ती म्हणाली, छान. मग तिनं पुढचा प्रश्न विचारला. मी येत्या शनिवारी मुंबईत असले, तर ही गाणी मला कुठल्या खोलीत ऐकायला मिळतील?

मंडळी, तिनं शाहिरांची नावं विचारली नव्हती, पुतळे विचारले नव्हते, पुस्तकं विचारली नव्हती. तिनं खोलीचा पत्ता विचारला होता. तो प्रश्न मी ठाण्यात घेऊन आलो, आणि आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

आता दुसरं देणं, पैशांचं. हा माझा प्रांत.

दारातल्या कार्डावर लिहिलं होतं, सुचवलेली देणगी माणशी २० डॉलर. कार्यक्रम संपल्यावर घरमालकांनी पेटी त्या दोघांच्या समोर उघडली, समोरच मोजली आणि सगळी रक्कम त्यांच्या हातात दिली. ८४० डॉलर निघाले, म्हणजे काहींनी जास्त टाकले होते. घरमालकांनी स्वतःला एक सेंट ठेवला नाही, उलट रात्रीचं जेवण आणि दोघांच्या झोपण्याची सोयही त्यांचीच. शिवाय टेबलावर सीडी होत्या, १५ डॉलरला एक. ११ खपल्या. १६५ आणि ८४०, एकूण १,००५.

डोळे मोठे करू नका. मी तिला बँकेत कर्जदाराला विचारतात तसे प्रश्न विचारले, आणि तिनं हसत हसत सगळं सांगितलं. ही रक्कम दोघांत वाटायची. महिन्यात असे पंधरा-सोळा कार्यक्रम मिळाले तर महिना चांगला. बाकीचे दिवस प्रवासात. पेट्रोल, गाडीची दुरुस्ती, तारा, आरोग्यविमा, कर, सगळं यातूनच. गाडीचं मीटर दोन लाख मैलांच्या पुढे गेलेलं. मोबाईलवर गाणं एकदा वाजलं तर तिच्या वाट्याला एका सेंटचा जेमतेम तुकडा येतो. म्हणून ती म्हणाली, मोबाईलवरची हजारो माणसं मला ओळखतात, पण माझं घर या अशा खोल्यांतल्या चाळीस माणसांवर चालतं.

मी त्या रात्री कागदावर मांडून पाहिलं. जिथे हजार लोक जमतात तिथे हॉलचं भाडं, साउंड, लाइट, जाहिरात, मधले लोक, सगळे आपापला वाटा घेतात आणि गाणाऱ्याला उरलंसुरलं मिळतं. जिथे चाळीस लोक जमतात आणि खर्च शून्य, तिथे आलेला प्रत्येक रुपया त्याचा. बँकेच्या भाषेत, उलाढाल लहान पण वसुली शंभर टक्के.

इथे मला एका बाईची गोष्ट सांगायलाच हवी. एलिझाबेथ कॉटन. १८९३ चा जन्म, उत्तर कॅरोलायनातली कृष्णवर्णीय मुलगी. शाळा लहानपणीच सुटली, लोकांच्या घरी कामाला लागली. साठवलेल्या मजुरीतून पावणेचार डॉलरची गिटार घेतली. ती डावखुरी, म्हणून गिटार उलटी धरून वाजवायला स्वतःच शिकली. अकरा-बारा वर्षांची असताना मालगाडीवर एक गाणं रचलं, 'फ्रेट ट्रेन'. मग लग्न, मूल, चर्चमधल्या लोकांची बोलणी, आणि गिटार सुटली ती कित्येक वर्षं. पुढे वॉशिंग्टनमध्ये दुकानात काम करताना एक हरवलेली लहान मुलगी तिनं आईकडे पोचवली. त्या आईनं तिला घरकामाला ठेवून घेतलं. ते घर सीगर कुटुंबाचं, म्हणजे आत्ता सांगितलेल्या पीट सीगर यांच्या सावत्र भावंडांचं. संगीतज्ञांचं घर, भिंतीवर गिटार टांगलेली. बाई स्वयंपाक करत होती, इस्त्री करत होती. एके दिवशी मुलांनी पाहिलं तर तिनं ती गिटार उतरवली आहे आणि वाजवते आहे.

घरातल्या मुलानं, माइक सीगरनं, तिचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. १९५८ साली तिची तबकडी निघाली, आणि साठी ओलांडलेली बाई कार्यक्रमांसाठी फिरायला लागली. दरम्यान तिचं ते मालगाडीचं गाणं इंग्लंडला पोचलं होतं आणि दुसऱ्यांनीच ते आपल्या नावावर करून गाजवलं होतं. त्यावर दाद मागावी लागली, आणि पुढे तिचं नाव गाण्याला लागलं. १९८५ साली, नव्वदीत, तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

मी ही गोष्ट का सांगितली? आपल्या सोसायटीत रोज सकाळी सात वाजल्यापासून चाळीसएक बायका कामाला येतात. त्यांतल्या कोणाच्या आईला, आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील? आपल्याच महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून हिंडून बायकांकडून ओव्या गोळा केल्या, तेव्हा तो आकडा लाखावर गेला. एक लाख! आणि हे सगळं ज्यांनी रचलं त्यांतल्या बहुतेकींना कोणी कवयित्री म्हटलं नाही.

वामनदादा कर्डकांचं पाहा. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी जन्म. अक्षरओळख झाली तीच मोठेपणी. पण बाबासाहेबांच्या विचारांवर त्यांनी हजारो गाणी लिहिली, चाली लावल्या आणि गावोगाव हिंडून स्वतः गायली, २००४ मध्ये जाईपर्यंत. स्वतः लिहायचं, स्वतः गायचं, सतत फिरायचं. त्या केंटकीच्या बाईला वामनदादांचं नाव सांगितलं असतं तर तिनं 'म्हणजे आमच्यातलेच' असं म्हटलं असतं.

नोकरीत असताना सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत माझी बदली होती. एक गृहस्थ बचत खातं उघडायला आले. पंचक्रोशीत शाहीर म्हणून नाव, स्वतः कवनं रचायचे. फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना असतो. मी विचारलं, शाहीर लिहू ना? ते म्हणाले, "नगं साहेब. शेतमजूर लिवा. गाणं काय धंदा हाय व्हय?" मी म्हटलं, पण तुम्ही जत्रेत गाता, लोक बिदागी देतात. म्हणाले, "देत्यात की. कवा नारळ देत्यात, कवा टोपी घालत्यात." आपण सगळे हसतो आहोत, पण ते हसत नव्हते. शाल-श्रीफळ हा मान झाला. मान जरूर द्यावा. पण किराणावाला नारळ घेऊन साखर देत नाही.

तेव्हा आता माझी सूचना. ही समितीपुढे लेखी दिलेली आहे, आज तोंडी मांडतो.

रौप्यमहोत्सवाच्या सांगता समारंभाला ऑर्केस्ट्रा ठरतो आहे, तो होऊ द्या. मुलांना नाचायचं आहे, नाचू द्या. माझी काही तक्रार नाही. पण वर्षातून एक शनिवार या हॉलमध्ये बिनमाईकची संध्याकाळ व्हावी. सत्तर खुर्च्या बसतात, पुरे झाल्या. बोलवायचं ते स्वतःची गाणी स्वतः रचून गाणाऱ्याला. शाहीर असेल, ओव्या गाणारी आजी असेल, गिटार घेऊन मराठीत गाणी लिहिणारा कॉलेजातला मुलगाही असेल. दुसऱ्याची गाणी म्हणून दाखवणारे पुष्कळ आहेत, त्यांना व्यासपीठंही आहेत.

पैशांचं असं. मेंटेनन्सच्या पैशातून एक रुपया नको, नाहीतर पुढच्या सर्वसाधारण सभेत माझीच हजेरी घेतली जाईल. दहा घरांनी मिळून हमीदार व्हायचं. कलावंताची किमान बिदागी आधी ठरवायची, त्याला आधी कळवायची, आणि पेटीत कमी जमले तर फरक या दहा घरांनी भरायचा. साठ माणसांनी तीनशे रुपये टाकले तर १८,००० होतात. दोन माणसं जेवायला बाहेर गेली तर तीनशेहून जास्त बिल आपण मुकाट्यानं देतो. पेटी कलावंतासमोर उघडायची, हिशोब दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर लावायचा. जेवण घरोघरचं. परगावचा असेल तर मुक्काम आमच्याकडे. मुलीची खोली रिकामीच असते.

यावर तीन शंका येणार, त्यांची उत्तरं देऊन ठेवतो. पहिली, लोक येतील का? पन्नास लागत नाहीत, वीस पुरेत. दुसरी, माईकशिवाय मागे ऐकू जाईल का? पंखे थोडे कमी करा आणि आपण गप्प बसा, जाईल. आत्ता हे भाषणही मी माईक बंद करूनच करतो आहे. मागच्या रांगेतल्या मुलांना ऐकू येतंय ना? मान हलवताहेत, छान. तिसरी शंका, रात्री दहानंतर पोलीस येतील का? लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. आपल्याकडे लाउडस्पीकरच नाही. आणि तसंही साडेनऊला आपण सगळे घरी जाणार, कारण साडेनऊनंतर आपल्यापैकी अर्धे जण बसल्या जागी झोपतात.

एक शेवटचं. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा दारं उघडी असायची. आता प्रत्येकाच्या दाराला आतून दोन कड्या आणि बाहेरून कॅमेरा. लिफ्टमध्ये भेटलो की मान हलवतो. आपण एकमेकांचं ऐकायचं कमी केलं आहे, हे कोणाला दोष देऊन सांगत नाही. काळच तसा आहे. पण तासभर शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, खिशातला फोन बंद करून, तिसऱ्या माणसाचं गाणं ऐकलं, तर त्याचा उपयोग फक्त त्या गाणाऱ्याला होत नाही.

सोसायटीच्या ऑफिसात मॅनेजरांच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर हमीदार घरांचे दहा रकाने आखले आहेत. पहिल्यात मी सही केली आहे, दुसऱ्यात बी विंगमधल्या डॉक्टर बाईंनी. आठ शिल्लक आहेत. मागच्या पानावर कोणाला बोलवायचं त्यांची नावं लिहायची. आपल्या ओळखीचे, गावाकडचे, नात्यातले, कामाला येणाऱ्या मावशींच्या घरचे, जे कोणी असतील ते. ऑफिस सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात उघडं असतं. रविवारी बंद.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, म्हणजे पहिलं देणं चुकतं केलंत. दुसऱ्याची आठवण मी वहीतून करून देईनच.